हिरव्या तुरीला भुलू नकोस

२६ सप्टेंबर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला तुरीचा फोटो काल रात्रीपासून डोळ्यांपुढून हलत नाही. "विहिरीकडची पाच-सहा झाडं बघ कशी गच्च हिरवी आलीत," असं तू कौतुकानं लिहिलंस. लेका, ती झाडं पोसलेली नाहीत. तो वांझ रोग आहे.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच भुललो होतो. मर लागलेलं झाड वाळतं, लांबूनही कळतं. वांझ झाड हिरवंच राहतं. दिवाळीला सगळं रान पिवळ्या फुलांनी भरलं आणि ही मात्र झुडपांसारखी उभी, कळी म्हणून नाही. आई 'वांझ' हा शब्द शिवारात काढू देत नाही. म्हणाली, "रुसली रे ही." तोवर रोग पार मधल्या ओळींपर्यंत गेला होता.

उद्या सकाळी एक पान तोडून उन्हाकडे धर. फिकट-गडद हिरवे ठिपके दिसले, पान लहान नि किंचित सुरकुतलेलं असलं, तर शंका ठेवू नकोस. हा रोग विषाणूचा; तो पसरवतो ती एरिओफाइड कोळी नावाची बारीक कीड पानामागे राहते, लांबीला मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्यावर उडून जाते. बिहारातल्या पुसा इथे १९३१ साली या रोगाची नोंद झाली, पण त्यामागचा विषाणू हाती लागायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली!

झाडं मुळासकट उपट, तिथंच पोत्यात भर आणि शेताबाहेर नेऊन जाळ. रानातून ओढत नेऊ नकोस. हिरवं झाड उपटायला हात धजत नाही, मला ठाऊक आहे, पण लागण झालेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. बाकीच्या पिकावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला ३ ग्रॅम घेऊन पानांच्या खालून मार. खरं तर ही फवारणी पहिल्या दीड महिन्यात जास्त कामाची. तेव्हा लागण झाली तर शेंगच धरत नाही. उशिरा झाली तर कधी एखाददुसरी फांदीच वांझ राहते.

आता नावडती गोष्ट. वहिनींनी हिरव्या शेंगांसाठी विहिरीजवळ राखलेली गेल्या सालची तूर काढून टाक. हा रोग बियातून येत नाही, मातीतूनही नाही. कोळी नि विषाणू दोन्ही उन्हाळाभर अशा खोडव्यावर तग धरतात. माझ्या बांधावरही तेच झालं होतं. वहिनींना मी समजावीन.

पुढच्या साली मारुती वाण पेरू नकोस. ते मरीला दाद देत नाही, पण वांझेपुढे टिकत नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं वाण घे: लाल हवी तर बीएसएमआर ७३६, पांढरी हवी तर ८५३, आणि रान हलकं असेल तर लवकर येणारी बीडीएन ७११.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. पोती मी आणतो, तू तोवर झाडांना खुणेची चिंधी बांधून ठेव.

तुझाच,
बाळू