मागच्या गेटाखालची वीट आणि 12 मेची घरफोडी

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
आपली सोसायटी, मानेवाडा रोड, नागपूर

विषय: मागचं गेट रात्री उघडं राहण्याबद्दल चौथा अर्ज

साहेब, नमस्कार.

आधीचे तीन अर्ज मी नीट अर्जाच्या भाषेत लिहिले होते, दिवाळीआधी एक, जानेवारीत एक, मार्चमध्ये एक. तिन्हींवर तुमच्या सहीची पोच आहे माझ्याकडे. उत्तर एकाचंही नाही. म्हणून हा चौथा जसा मनात येऊन राहिला तसाच लिहितो, राग मानू नका.

मुद्दा तोच. मागच्या गल्लीकडचं छोटं लोखंडी गेट. तळमजल्यावरच्या 3 नंबरवाल्यांची दुसरी गाडी गल्लीत उभी राहते, त्यांना येता-जाता कुलूप काढायचा कंटाळा, म्हणून ते गेटाखाली अर्धी वीट सारून ठेवतात. मी रोज जेवण झालं की साडेदहाला खाली उतरतो, वीट काढतो, कडी घालतो, कुलूप लावतो. सकाळी फिरायला निघालो की वीट परत जागेवर. दोन वर्षं हेच चाललं साहेब, आणि ह्या दोन वर्षांत मी त्यांच्याशी एका शब्दाने भांडलो नाही, विचारा कोणालाही.

12 मेच्या रात्री माझा गुडघा सुजला होता, मी उतरलो नाही. त्याच रात्री 104 नंबरचं घर फुटलं.

तिथले काका-काकू भाच्याच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. दारात तीन दिवसांचे पेपर पडलेले, म्हणजे घर बंद आहे हे जिन्यात येणाऱ्या कोणालाही कळत होतं. ते पेपर मी पाहिले होते आणि उचलले नाहीत, हे मला अजून लागतं. मे महिन्यात आपल्याकडे रात्री काय असतं तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो, शेजारी कोणी भांडं आपटलं तरी ऐकू येत नाही, मग दार उचकटल्याचा आवाज कुठून येणार. सकाळी दूध घ्यायला दार उघडायला गेलो तर उघडेना. बाहेरून कडी घातलेली होती. आमचीच नाही, समोरच्या 102 ची पण. दूधवाल्याने काढली तेव्हा आम्ही बाहेर आलो.

104 चं कुलूप जसंच्या तसं होतं, चांगलं भारीचं, बंद. कोयंडाच टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, उपटून काढलेला, आणि त्याचे चार स्क्रू जिन्यात पडलेले. मी उचलणार होतो पण बायकोने अडवलं, पोलीस येईपर्यंत हात लावू नका म्हणाली, ते बरंच झालं. अर्ध्या इंचाचे होते हो ते! एवढ्याशा स्क्रूच्या भरवशावर आपण सगळे गावाला जातो. तेव्हापासून मी आमच्या दाराला आरपार नटबोल्ट मारून घेतले आणि आतून नाइट लॅच बसवलं, तुम्हीही बघून घ्या.

काकू परत आल्या तेव्हा स्वयंपाकघरात तुरीची डाळ, तांदूळ, रवा सगळं ओट्यावर उपसलेलं, डबे पालथे. देवाजवळची चांदीची समई गेली, सोनं गेलं, पण त्या रडल्या त्यांच्या आईच्या काळ्या पोतेसाठी. कपाटावर ठसे घ्यायची काळी पावडर दोन दिवस पुसली जात नव्हती, माझी बायको जाऊन पुसत होती. कमिटीतून कोण गेलं होतं?

एफआयआर झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम 305 आणि 331 लागलं, म्हणजे घरातली चोरी आणि घरफोडी. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, मागचं गेट कोणी उघडं ठेवलं? दुसरा विचारला, कॅमेऱ्याचं फुटेज कुठाय? फुटेज साठवणारं मशीन, डीव्हीआर, दिवाळीपासून बंद आहे हे त्यांना चौकीदाराने सांगितलं, तुम्ही नाही. आणि तो चौकीदार बारा तास एकटा समोरच्या गेटवर बसतो, त्याने मागे किती वेळा बघावं?

मीटिंगमध्ये तुम्ही म्हणाले, चोर पकडणं पोलिसांचं काम आहे. बरोबर आहे, पण गेट बंद ठेवणं तर आपलं काम आहे ना. 3 नंबरवाले म्हणाले, चोर काय वॉल कंपाउंडवरून येऊ शकत नाही का? येऊ शकतो. पण पळायला उघडं गेट मिळालं की त्याचं अर्धं भय जातं, भरलेली पिशवी घेऊन काचा लावलेल्या भिंतीवर कोण चढतं? आणि तुम्ही त्यावर हसले. ते मला आवडलं नाही.

सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय की सभासदाचा तक्रार अर्ज आला की लगेचच्या कमिटी मीटिंगमध्ये निर्णय घ्यायचा आणि 15 दिवसांत कळवायचा. माझ्या पहिल्या अर्जाला आता नऊ महिने होऊन राहिले. जिन्यातल्या माझ्या चार कुंड्यांबद्दल मात्र नोटीस आठ दिवसांत आली होती. कुंड्यांमधून चोर येत नाही साहेब.

हे माझं एकट्याचं म्हणणं समजू नका. 102, 104 आणि वरचे दोन्ही मजले माझ्यासोबत आहेत, सही करायला फक्त संकोचतात कारण 3 नंबरवाले तुमच्या घरचे समजले जातात.

मागणी जास्त नाही. गेटला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावा, किल्ली चौकीदाराकडे ठेवा. डीव्हीआर दुरुस्त करा, एक कॅमेरा मागे वळवा. आणि ज्याने वीट ठेवली त्याच्याकडून लेखी घ्या. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिथे हा विषय अजेंड्यावर आला नाही तर मी उठून मांडीन. रात्री कोणी अनोळखी दिसला तर पोलिसांच्या मदतीसाठी 112 नंबरवर फोन लावा, एवढी एक चिठ्ठी तरी प्रत्येक मजल्यावर चिकटवा, तिला ठराव लागत नाही.

येत्या शनिवारपासून आम्ही सहा दिवस मुलीकडे पुण्याला जातो आहोत. पेपर बंद सांगितलाय, किल्ली 102 मध्ये ठेवतो. वीट मी काल रात्री उचलून घरी आणली आहे. ज्यांची असेल त्यांनी येऊन मागावी.

आपला,
सभासद, फ्लॅट 103