पेरणीची तारीख मला विचारू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पारावर बसून तुम्ही काय सांगता ते दादानं फोनवर सांगितलं. "आमची पोरगी जर्मनीत पाऊस बघायली, पेरणी कधी करायची ते तिलाच इचारू." औसा तालुक्यातल्या निम्म्या लोकांना माझा नंबर द्यायच्या आधी हे वाचा.

मी पाऊस बघत नाही. पावसाच्याही आधी हवेत काय तरंगतंय, ते बघते. यंत्राचं नाव लायडार. रात्री तुरीची रास करताना ट्रॅक्टरच्या लाइटात भुसा-धूळ उडताना दिसते ना, तसंच हे. फक्त उजेड हिरव्या लेसरचा, आणि सरळ वर आभाळात सोडलेला. कणांवर आपटून त्यातला अगदी थोडा माघारी येतो, तो दुर्बिणीनं धरायचा. १० मायक्रोसेकंदांनी आला तर कण दीड किलोमीटरवर. गोल थेंबावरून परतताना प्रकाशाची कंपनदिशा तशीच राहते, ओबडधोबड धुळीवरून परतताना बदलते; म्हणून पाणी कुठलं, माती कुठली ते समजतं. सहारा वाळवंटातली धूळ इथं लाइपझिगच्या आभाळात येते, तीही दिसते.

आणि एक. हवेतल्या नायट्रोजनला लागून काही प्रकाश रंग बदलून येतो. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा गेलेला, ६०७ चा नारिंगी होऊन परत. हा रामन परिणाम, १९२८ साली कलकत्त्यात सापडलेला. इथली जर्मन पोरं दिवसभर "रामन, रामन" करतात आणि माझा उगाच ऊर भरून येतो.

२०१५ साली आपल्याकडं कृत्रिम पावसासाठी विमानानं ढगांत कणांची फवारणी केली तेव्हा तुम्ही चिडून म्हणाला होता, ढगच नाही तर फवारतेत कशाला? बरोबरच होतं. आभाळात ढग असल्याशिवाय ती फवारणी कामाचीच नाही. थेंब धरायला कण लागतो, पण कण फार झाले की पाणी बारीक बारीक थेंबांत वाटलं जातं आणि त्यांचा पाऊस व्हायला वेळ लागतो. पुढच्या वर्षी तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. हा विषय मी तेव्हाच धरला, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आई, तुझा प्रश्न: "पीएचडी झाली, आता अजून कसलं शिक्षण?" हे शिक्षण नाही गं, नोकरीच आहे, पगार मिळतो. पण कराराची. करार संपला की पुढची शोधायची. पर्मनंट कधी, ते आजच सांगता येत नाही. शेजारच्या काकूंना "सायंटिस्ट आहे" एवढंच सांग, खोटं नाही ते.

बाबा, पेरणीचं म्हणाल तर माझ्यापेक्षा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ऐका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, मृगाचा पहिला सडाका आला म्हणून तिफण काढायची नाही. घरचं बी वापरणार असाल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० च्या वर उगवले तर चालेल. किती उगवले ते दादाला फोनवर सांगायला लावा. आणि बीपीची गोळी बंद करू नका.

तुमची,
लेक