ऑटो शोला येणाऱ्यांसाठी प्रवासाची सूचना

मंडळी, शो गोरेगाव पूर्वेला नेस्को प्रदर्शन केंद्रात आहे, पुणे-नाशिकहून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. कृपा करून स्वतःची गाडी आणू नका, हायवेला ट्रॅफिक आणि पार्किंग यात अर्धा दिवस जातो आणि गाड्या बघायला आलेली माणसं गाडीतच बसून राहतात, मला खरंच वाईट वाटतं.

दादरला उतरा, पूल ओलांडून वेस्टर्न रेल्वेच्या बाजूला या. तिथले प्लॅटफॉर्म १ ते ७, सेंट्रलचे ८ ते १४, जुने नंबर डोक्यात असतील तर विसरा. तिथून बोरिवलीकडची स्लो लोकल पकडून जोगेश्वरीच्या पुढच्या राम मंदिरला उतरायचं, बाहेर पूर्वेलाच पडायचं. विरार फास्टमध्ये चुकूनही चढू नका, ती राम मंदिरला थांबत नाही!! सकाळी खरी गर्दी चर्चगेटकडे असते, आपण उलट्या दिशेने जाणार म्हणून जरा बरं, तरी लहान मुलं बरोबर असतील तर साडेदहानंतरच निघा.

सीएसएमटीला उतरणाऱ्यांना हार्बर लाईनची गोरेगाव लोकल थेट आहे. घाटकोपरकडून येणाऱ्यांनी मेट्रो घ्या, वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनला उतरून गुंदवलीहून दहिसरकडची लाईन, स्टेशन गोरेगाव पूर्व.

रविवारी येणार असाल तर आदल्या रात्री रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) कुठे आहे ते बघाच. रिक्षा मीटरनेच, आणि वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिकडे टॅक्सी. कोणी चुकलं तर लाजू नका, लगेच ग्रुपवर टाका, आम्ही घ्यायला येऊ.