खापर एकट्या ‘ई. टी.’वर नको

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील व्हिडिओ गेम उद्योगाच्या इतिहासावरचा लेख आवडीने वाचला. या विषयावर मराठीत इतके सविस्तर क्वचितच वाचायला मिळते. मात्र १९८३ मध्ये अमेरिकेतील हा उद्योग ‘ई. टी.’ नावाच्या एका भिकार खेळामुळे बुडाला, हे त्यातील विधान खटकले. ही गोष्ट वर्षानुवर्षे अशीच सांगितली जाते आणि त्यात एका माणसावर अन्याय होतो, म्हणून हे पत्र.

‘ई. टी.’ या परग्रहवासीयावरच्या त्याच नावाच्या चित्रपटावर बेतलेल्या त्या खेळाचा प्रोग्राम अटारी कंपनीतील हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी लिहिला. चित्रपटाच्या हक्कांचा सौदा १९८२ च्या जुलैअखेरीस ठरला आणि नाताळच्या बाजारात माल पोचवायचा, तर १ सप्टेंबरला खेळ तयार हवा होता. एरवी ज्या कामाला काही महिने लागत, त्यासाठी वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. जाण्यायेण्यातला वेळही हाताशी राहावा म्हणून त्यांनी कामाची यंत्रणा घरीच बसवून घेतली. अटारीच्या त्या कन्सोलमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रात, एकूण १२८ बाइट मेमरी होती. या पत्रातील एखादे लांब वाक्यही तेवढ्या जागेत मावणार नाही. खेळ सदोष होता, हे मान्यच आहे. ई. टी. चालता चालता खड्ड्यात पडे, मान ताणून तरंगत वर येई आणि काठावर पाऊल टेकते न टेकते तोच पुन्हा त्याच खड्ड्यात कोसळे. पण त्याच वर्षी, काही महिने आधी, याच वॉरशॉ यांचा ‘यार्स रिव्हेंज’ बाजारात आला होता आणि तो आजही अटारीच्या उत्तम खेळांत गणला जातो. तेव्हा उणीव माणसाच्या कसबात नव्हती, त्याला दिलेल्या मुदतीत होती.

शिवाय हिशेबही जुळत नाही. ‘ई. टी.’च्या सुमारे ४० लाख कॅसेट काढल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक पडून राहिल्या, हे खरे. हक्कांपोटी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली गेली, असेही सांगतात. परंतु १९८३ सालचा अटारीचा तोटा ५३ कोटी ६० लाख डॉलर होता. तारखाही पाहाव्यात. मालक कंपनी वॉर्नरने नफ्याचा अंदाज घटवल्याचे ७ डिसेंबर १९८२ रोजी जाहीर केले आणि लगेच तिचा शेअर गडगडला, तेव्हा ‘ई. टी.’ नुकता कुठे दुकानांत पोचत होता. दुखणे आधीचे होते. वितरकांकडून वर्षभराच्या मागण्या आगाऊ घेतल्या गेल्या होत्या. मागितल्यापेक्षा कमी माल मिळण्याची सवय असलेल्या वितरकांनी त्या फुगवून दिल्या आणि माल साचू लागल्यावर रद्द केल्या. त्यातच ओट्स विकणाऱ्या क्वेकरसारख्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या आणि दुकाने पडेल भावाच्या कॅसेटनी भरून गेली.

माझ्या मते या पडझडीचे मूळ आणखी मागे, १९७९ मध्ये आहे. अटारी तेव्हा खेळावर प्रोग्रामरचे नाव छापत नसे आणि विक्रीतला वाटाही देत नसे. कॅसेटच्या विक्रीतला निम्म्याहून अधिक भाग आपल्या खेळांचा आहे, हे डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या लक्षात आले. दाद मिळेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन उभी राहिली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी खेळ बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीने तिला न्यायालयात खेचले, पण १९८२ मध्ये तडजोड झाली आणि इतरांनाही वाट मोकळी झाली. वॉरन रॉबिनेट यांनी तर ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त दालन करून त्यात आपले नाव लपवून ठेवले होते. तिथे पोचायला जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका शोधून उचलून न्यावा लागे. स्वतःच्या कामावर नाव घालण्यासाठी माणसाला असा आटापिटा करावा लागावा, याचे मला अतोनात वाईट वाटते.

सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे अटारीने न खपलेला माल पुरला. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा उकरली, तेव्हा ‘ई. टी.’बरोबर इतर अनेक खेळांच्या कॅसेटही निघाल्या, त्यांत चांगले खपलेले खेळही होते. जपानच्या निन्टेंडोने पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत कन्सोल आणला, तो परवानगीशिवाय कोणाची कॅसेट चालू नये अशी चिप बसवूनच. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेली, कॅसेट काढून फुंकर मारली की चालू होणारी स्वस्त यंत्रे निन्टेंडोच्याच जपानी कन्सोलच्या नकला होत्या.

लेखमालेच्या पुढील भागात १९८३ चा उल्लेख पुन्हा आला, तर वॉरशॉ यांच्या नावाशेजारी त्या पाच आठवड्यांचीही नोंद व्हावी, आणि त्या चौघा प्रोग्रामरांची नावे मराठी वाचकांपर्यंत पोचावीत, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा