मुलाला ताप आहे, हे कधी म्हणावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुपारभर हुंदडून आलेल्या मुलाचे अंग गरम लागते, थर्मामीटरवर ९९ दिसते आणि लगेच औषधाची बाटली उघडली जाते. मूल हसते-खेळते आहे, नीट जेवले आहे, हे त्या घाईत कोणी पाहतच नाही. याचे मूळ ९८.६ अंश फॅरनहाइट या एकाच आकड्यावरील आपल्या अढळ विश्वासात आहे. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये हा आकडा रूढ केला. मात्र तापमान दिवसभरात खालीवर होते आणि १००.४ पर्यंत ते निरोगी माणसातही आढळू शकते, हेही त्यांनीच नोंदवले होते. आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

निरोगी शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते. लहान मुलांच्या शरीरात वजनाच्या मानाने उष्णता अधिक निर्माण होत असल्याने त्यांचे तापमान मोठ्यांपेक्षा किंचित चढे असते, आणि धावपळीने, रडण्याने किंवा जास्त कपड्यांत गुंडाळल्याने ते आणखी थोडे वाढते. अशा वेळी मुलाला अर्धा तास शांत बसवून, जादा कपडे काढून पुन्हा मोजावे. तापमान कुठे मोजले, यालाही तितकेच महत्त्व आहे. काखेतला आकडा गुदद्वारातल्यापेक्षा कमी येतो, आणि १००.४ ही तापाची सर्वमान्य मर्यादा गुदद्वारातल्या मापासाठी आहे. म्हणून डॉक्टरांना नुसता आकडा न सांगता जागा आणि वेळही सांगावी. मूल ठणठणीत असताना सकाळ-संध्याकाळ त्याचे तापमान एकदा टिपून ठेवले, तर आजारपणात तुलना करायला काहीतरी हाती राहते.

मूल मलूल असेल, पाणी पीत नसेल किंवा त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थर्मामीटर काहीही दाखवो, डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. पाळणाघरे व बालवाड्यांनी मुलांना घरी पाठवण्याच्या नियमात निव्वळ आकडा न लिहिता तो कुठे मोजायचा हेही लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तीन महिन्यांच्या आतील बाळांना मात्र यातली कोणतीही सवलत लागू नाही. त्यांचे तापमान १००.४ वर गेले, तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. नवजात बाळाचे काखेतील तापमान ९७.७ च्या खाली उतरणेही काळजीचे असते, आणि तिकडे फारच कमी घरांचे लक्ष जाते.

आपला,
एक पालक