ओव्हिडचा पोपट

प्रिय अव्या,

लॅटिन कविता म्हणजे नुसती युद्धं आणि उपदेश, असं तू लिहिलंस. म्हणून आज तुला एका पोपटाच्या मयताला नेतो.

रोमन कवी ओव्हिडच्या 'अमोरेस' या प्रेमकवितांच्या संग्रहाच्या दुसऱ्या भागातली ही सहावी कविता, अवघ्या 62 ओळींची. त्याच्या प्रेयसीचा, कोरिनाचा, पोपट मेलाय. पहिल्याच ओळीत कळतं की हा राघू आपल्याकडचा, हिंदुस्थानातून आलेला. ओव्हिड तमाम पाखरांना अंत्ययात्रेला बोलावतो: पंखांनी ऊर बडवा, नखांनी गाल ओरबाडा, केस नाहीत तर पिसं उपटा! तुला कालिदासाच्या 'रघुवंशा'तला अजविलाप, राणी इंदुमतीसाठी अज राजाने केलेला शोक, पाठ आहे ना? तसाच थाट, फक्त इंदुमतीच्या जागी राघू.

मग त्या पाखरांतल्या, ग्रीक पुराणातल्या फिलोमेलाची पाळी. थ्रेसच्या तेरेउस राजाने या मेहुणीवर अत्याचार करून तिची जीभ छाटली. दोघी बहिणींनी सूड म्हणून त्याचाच मुलगा इटिस मारून, शिजवून त्याच्या ताटात वाढला. पुढे सगळ्यांचीच पाखरं झाली आणि फिलोमेलाचं इटिससाठीचं रडणं काही थांबेना. तिला ओव्हिड काय म्हणतो? बाई, तुझं दुःख मोठं खरं, पण आता जुनं झालं. जरा या पोपटासाठी रड. मी फस्सकन हसलो आणि लगेच चरकलोही. इतकी भयंकर कथा, आणि हा तिला कामाला लावतोय!

बाकीची पुराणंही अशीच राबवलीत. होला आणि पोपट यांची मैत्री थेट ओरेस्तेस-पिलादेस या पुराणातल्या जिवलग मित्रांच्या तोडीची. चांगले आधी जातात: ट्रॉयच्या शूर हेक्टरची राख झाली, त्याचे भाऊ मागे उरले. तसा पोपट गेला आणि गिधाडं, घारी मजेत. लावे सदा भांडतात, कदाचित म्हणूनच म्हातारपण गाठतात, हा टोमणा खास. स्वर्गातही पुण्यवान पाखरांचं वेगळं उपवन आहे, ओंगळ पक्ष्यांना तिथे मज्जाव!

कातुल्लुस या दुसऱ्या रोमन कवीने ओव्हिडच्या आधी प्रेयसीच्या चिमणीसाठी असाच गळा काढला होता, पण त्याचं लक्ष शेवटी तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे. ओव्हिड पोपटाला सोडत नाही. मरताना पोपट म्हणतो, "कोरिना, येतो गं!" पढवलेलं बोलला की खरंच निरोप घेतला? ओव्हिड कुठेच डोळा मारत नाही, म्हणून तर मजा. समाधीच्या दगडावरही पोपटाचीच बढाई: बाईंचा मी किती लाडका होतो ते या समाधीवरूनच ओळखा, आणि बोलायला तर पाखरांत माझ्यासारखा कोणी नव्हता.

अजविलाप शिकवशील तेव्हा हे वर्गात सांगून बघ. पोरं हसली का, ते कळव.

तुझा,
नंदू