राखणदार उठून चालला आहे

ट्रोम्सो, डिसेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आईने "तिकडे लढाई तर होणार नाही ना?" असे विचारले आणि मी हवापाण्याच्या गप्पांवर विषय नेला, हे मला नंतर बरे वाटले नाही. ज्या विषयाच्या अभ्यासासाठी मी नॉर्वेच्या या टोकाला येऊन राहिले, त्याबद्दल घरच्यांनाच नीट उत्तर देऊ नये, हे शोभत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या गावच्या वेशीवर जसा राखणदार, तसा उत्तर ध्रुवाकडच्या या समुद्राचा राखणदार बर्फ होता. तो होता तोवर कोणाचे जहाज कुठून जाईल आणि कोणाची हद्द कुठे संपते, हे प्रश्न कागदावर असूनही निकडीचे नव्हते. १९७९ पासून हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावरचा बर्फ आक्रसून सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, इतका कमी तो उपग्रहांच्या नोंदींत त्याआधी कधीच दिसला नव्हता.

बाबा, यातला जहाजांचा भाग तुम्हांला लगेच उमजेल. वाट दाखवणारा पायलट चढल्याशिवाय मोठे जहाज मुरगाव बंदरात शिरत नसे आणि त्यावर कोणी वाद घालत नसे. रशिया आपल्या उत्तर किनाऱ्यालगतच्या मार्गावर असेच परवान्याचे आणि पायलटचे नियम लावतो. त्याचा एक मोठा आधार १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातले कलम २३४ हा आहे: जिथे वर्षाचा बहुतेक काळ समुद्र बर्फाने झाकलेला असतो, तिथे प्रदूषण रोखण्यासाठी किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंत जादा नियम करता येतात. आता बर्फ वर्षाचा बहुतेक काळ टिकलाच नाही, तर त्या कलमाचे काय करायचे? अमेरिकेला रशियाचे हे नियम आधीपासूनच मान्य नाहीत, आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून जाणाऱ्या वायव्य मार्गावरून तिचा कॅनडासारख्या मित्राशीही जुना वाद आहे.

हे सारे जिथे बोलावे ती आर्क्टिक परिषद १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्याने स्थापन झाली. तिचे सचिवालय याच शहरात आहे. तिथे उत्तर ध्रुवाकडच्या आठ देशांच्या शेजारी सामी, इनुइट यांसारख्या मूळ रहिवाशांच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून बसतात, ही मला तिची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मात्र त्याच जाहीरनाम्याच्या एका तळटिपेत लष्करी सुरक्षेचा विषय परिषदेने हाताळू नये असे लिहून ठेवले आहे. पूर्वी मला ती तळटीप शहाणपणाची वाटे. आता तितकी खात्री नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, परिषदेचे अध्यक्षपद रशियाकडे असतानाच उरलेल्या सातही देशांनी काम थांबवले. पुढे काही प्रकल्प हळूहळू सुरू झाले, पण फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेल्यामुळे ते सातही देश आता एका लष्करी गटात आहेत आणि आठवा समोर आहे.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांशी तर आपलाही संबंध आहे. १९२० च्या ज्या पॅरिस कराराने ती बेटे नॉर्वेकडे आली, त्यावर हिंदुस्थानच्या वतीनेही सही झाली होती, अर्थात ब्रिटिशांनी केलेली. मुरगावजवळच्या सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रावरून तुम्ही इतकी वर्षे गेलात, त्याच केंद्राचे 'हिमाद्री' हे ठाणे २००८ पासून तिथे न्यू-ऑलेसुंडला आहे. करारानुसार त्या बेटांवर नाविक तळ उभारता येत नाही. तरीही जानेवारी २०२२ मध्ये बेटांना मुख्य भूमीशी जोडणाऱ्या समुद्रतळावरच्या दोन केबलींपैकी एक निकामी झाली, आणि तिथले एवढे मोठे उपग्रह-केंद्र काही काळ एकाच केबलीवर विसंबून राहिले. आई, तुला लढाईची भीती वाटते. मला अशा गोष्टींची जास्त वाटते, ज्यांना लढाई म्हणावे की अपघात हेच ठरत नाही.

अमेरिकेची अणुपाणबुडी २०२१ मध्ये आमच्या शहराजवळच्या टोन्सनेस बंदरात आली होती आणि पूर्वेला कोला द्वीपकल्पावर रशियाचे उत्तरी आरमार आहे, हे लपवून उपयोग नाही. पण नॉर्वे आणि रशिया या दोन शेजाऱ्यांनीच चाळीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०१० मध्ये बॅरेंट्स समुद्राची हद्द ठरवली, आणि युद्ध पेटलेले असतानाही २०२२ च्या शरद ऋतूत दोघांच्या मत्स्य आयोगाने पुढच्या वर्षी कॉड मासा किती पकडायचा ते ठरवले. कॉड हद्द ओळखत नाही. एकाने पिल्ले ओरबाडली तर दुसऱ्याची जाळी रिकामी येतात. मोठ्या परिषदांपेक्षा मला या कंटाळवाण्या बैठकांचाच अधिक भरवसा वाटतो.

बाबा, एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. २०११ च्या करारानुसार शोध आणि बचावाच्या कामासाठी हा समुद्र आठ देशांत वाटलेला आहे, आणि त्यातला मोठा वाटा रशियाकडे आहे. त्या भागात प्रवासी जहाज बर्फात अडकले, तर मदतीला जवळचा जाईल की मित्र, आणि हाक कोण आधी देईल? मार्चमध्ये घरी आले की नकाशा पसरून हे मला तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमची,
लेक